रानातली पंगत

कार्तिक आणि मार्गशीर्ष हे मराठी मुलखात जेवण घराबाहेर नेण्याचे महिने आहेत. कार्तिकाच्या शुक्ल पक्षात आवळीच्या झाडाखाली पाने मांडली जातात. मार्गशीर्षात पंढरपूरकर शिदोऱ्या बांधून विष्णुपदावर जातात. मार्गशीर्षाच्या अमावास्येला तर लातूर-धाराशिवकडची गावेच्या गावे शेतात जेवायला बसतात. या तिन्ही प्रथांचे देव वेगळे, त्या पाळणारे समाज वेगळे आणि पानातले पदार्थही वेगळे. तरी गाभा एकच आहे: घरातली लहानथोर माणसे उघड्यावर, झाडाच्या किंवा पिकाच्या सोबतीने, देवाला दाखवलेले अन्न एकत्र खातात. सृष्टीत देव पाहण्याच्या मराठी परंपरेचा विषय निघाला की आपण देवरायांकडे, तीर्थक्षेत्रांकडे नाही तर संतांच्या अभंगांकडे वळतो. या पंगतींना मात्र कुळाचार किंवा हौस समजून बाजूला ठेवतो. माझ्या मते त्या पंगती हाच या परंपरेचा सर्वांत बोलका पुरावा आहे. इथल्या सामान्य माणसाला सृष्टीतल्या देवाची ओळख झाली ती मुख्यतः आपल्या माणसांसोबत, जेवता जेवता. दुरून, एकट्याने, डोळे भरून देखावा पाहण्याची रीत आपल्याकडे रुजली ती बरीच अलीकडे, आणि तिचा इतिहास निराळा आहे.

आधी आवळीभोजन घेऊ. कार्तिक शुद्ध नवमीला आवळा नवमी, अक्षय नवमी किंवा कूष्मांड नवमी म्हणतात. महाराष्ट्रात आवळीपूजनाचा काळ या नवमीपुरता मर्यादित नाही. कार्तिकी एकादशीनंतर पौर्णिमेपर्यंत, विशेषतः वैकुंठ चतुर्दशीच्या सुमारास, सोयीच्या दिवशी घरोघर किंवा आळीतली मंडळी मिळून ते करतात. आवळीच्या बुंध्याशी विष्णूची पूजा होते, खोडाला सूत गुंडाळले जाते, दिवे लागतात, कोहळ्याचे दान दिले जाते आणि मग त्याच झाडाखाली पंगत बसते. वेळेची निवड नेमकी आहे. पाऊस थांबून जमीन वाळलेली असते, खरिपाचे धान्य घरात येत असते, आभाळ निवळलेले असते आणि ऊन अजून सुखाचे असते. आवळीची पाने इतकी बारीक की तिची सावली गार पडत नाही, तिच्यातून ऊन झिरपत राहते. त्यातच झाडावर फळे धरलेली असतात. तुळशीच्या लग्नात उसाबरोबर आवळा, चिंच आणि बोरे लागतात तीही याच दिवसांत. म्हणजे चातुर्मास संपून विष्णू जागा होतो त्या मुहूर्तावर रानही आपला नवा मेवा पुढे करत असते, आणि पंचांगाने या दोन्ही घटना एकाच आठवड्यात गुंफल्या आहेत.

या प्रथेमागचा ग्रंथाधार पुराणांतल्या कार्तिकमाहात्म्यात सापडतो. पद्मपुराणातल्या जालंधर-वृंदेच्या कथेच्या अखेरीस, वृंदेच्या चितेच्या जागी तीन देवींनी दिलेली बीजे पेरली जातात आणि त्यांतून आवळी, मालती आणि तुळस उगवतात. त्यांना पाहून शोकात बुडालेला विष्णू भानावर येतो. या कथेत देव झाडाला पावित्र्य देत नाही, उलट झाडेच देवाला सावरतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कार्तिकमाहात्म्याच्या परंपरेतले दुसरे एक वचन आपल्या विषयाशी थेट भिडते. कार्तिकात आवळीच्या सावलीत जेवणाऱ्याचे, अन्नाच्या संसर्गातून लागलेले वर्षभराचे पाप नाहीसे होते, असा त्याचा आशय आहे. वर्षभर कोणाच्या हातचे खाल्ले, कोणाच्या शेजारी बसून खाल्ले याचा हिशेब ठेवणारा समाज एका झाडाखाली तो हिशेब पुसून टाकायला तयार होता. कथेचे श्रवण किंवा झाडाचे नुसते दर्शन नव्हे, झाडाखालचे जेवण हेच इथे पुण्याचे साधन ठरले आहे. त्यातून सोवळ्याची भीती दिसते हे खरेच, पण त्या भीतीवरचा उतारा म्हणून कोणते ठिकाण निवडले गेले तेही दिसते.

आवळ्याचा आणि वाटून खाण्याचा संबंध यापेक्षाही जुना आहे. 'अशोकावदान' या बौद्ध ग्रंथात सम्राट अशोकाच्या अखेरच्या दिवसांची कथा येते. सगळी सत्ता हातून गेलेल्या अशोकाजवळ अर्धा आवळा तेवढा उरतो आणि तोच तो संघाला दान करतो. भिक्षू तो कुटून रसात मिसळतात, जेणेकरून संघातल्या प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा अंश यावा. ही कथा इतिहास म्हणून जशीच्या तशी घेण्याचे कारण नाही. पण एवढेसे फळ सर्वांत वाटले गेल्याने थोर ठरते, ही कल्पना या देशात किती पूर्वीपासून आहे याची ती साक्ष देते. देवळांच्या शिखरांवर कलशाच्या खाली जो खाचेदार, चपटा, गोल दगड बसवतात, त्याचे आमलक हे नावही याच फळावरून आले. शिल्पकाराने आवळ्याचा आकार देवाच्या माथ्यावर नेला आणि घरच्या माणसांनी देवाला आवळीच्या पायथ्याशी आणले. यांतली दुसरी हालचाल दगडात कोरलेली नसल्याने इतिहासकारांच्या नजरेतून ती निसटली, इतकेच.

पंढरपुरात तर देवच बाहेर पडतो. मार्गशीर्ष महिनाभर विठ्ठल देऊळ सोडून विष्णुपदावर मुक्कामाला असतो, अशी तिथली श्रद्धा आहे. गोपाळपूरजवळ भीमेच्या पात्रात हे छोटे दगडी देवालय आहे. आत खडकावर पावलांच्या आणि गाईंच्या खुरांच्या खुणा दाखवतात. कृष्ण गोपाळांसह इथे आला आणि जेवला, अशी कथा सांगतात. महिनाभर पंढरपूरची कुटुंबे दर्शनाला जाताना जेवण सोबत नेतात आणि नदीकाठी बसून जेवतात. या श्रद्धेचे मूळ भागवताच्या दशम स्कंधात आहे. तिथे कृष्ण गोपाळांबरोबर यमुनेच्या वाळवंटात वर्तुळ करून बसतो, सगळे आपापल्या शिदोऱ्या सोडतात आणि एकमेकांचे चाखत जेवतात. ब्रह्मदेव वासरे पळवतो ती कथा इथूनच सुरू होते. वारकरी संप्रदायाने या प्रसंगातून काला उचलला. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, आणि आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला की पालख्या परतीला लागतात. म्हणजे ज्या संप्रदायाने महाराष्ट्राचे धर्मजीवन घडवले त्याच्या सर्वांत मोठ्या यात्रेचा शेवट रानातल्या जेवणाच्या आठवणीने होतो. गाभाऱ्यातल्या दर्शनाने वारी पुरी व्हायला हवी होती. ती पुरी होते गावाबाहेर, घास वाटून.

आता ज्या प्रथेला पोथीचा फारसा आधार नाही आणि तरीही जी सर्वांत जोमदार आहे, तिच्याकडे वळू. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, सोलापूर-बीड-नांदेडच्या लगतच्या भागात आणि सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीत मार्गशीर्ष अमावास्या म्हणजे वेळ अमावास्या, बोलीत येळवस. हा रब्बीचा काळ्या मातीचा पट्टा. या दिवसांत ज्वारी पोटरीत किंवा कणसावर असते, हरभऱ्याला घाटे धरत असतात, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. खुरपणी उरकलेली आणि काढणी अजून लांब, असा हा शेतकऱ्याचा थोडा मोकळा काळ. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात. आत पाच दगड मांडून, चुन्याने रंगवून त्यांची पाच पांडव म्हणून पूजा करतात. सकाळी घरातली सगळी माणसे डोक्यावर टोपल्या आणि आंबिलाचे मडके घेऊन शेताकडे निघतात. हरभरा, तूर, वाटाणा, पावटा यांचे ओले दाणे ताकात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या नाही तर तिळाच्या पोळ्या असे जेवण असते. नैवेद्य झाला की घरधनी आंबील शिंपडत पिकातून फिरतो, म्हणजे पहिला घास पिकाच्या वाट्याला जातो. मग पंगत. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेताचे आवतण असते. संध्याकाळी गवताचा पेटता हेंडगा पिकाभोवती फिरवून माणसे घरी परततात. लातूर शहरातले रस्ते त्या दिवशी ओस पडतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात स्थानिक सुटी दिली जाते.

येळवशीचा विस्तार पाहिला तर आणखी एक गोष्ट उलगडते. हा पट्टा १९४८ पर्यंत बहुतांशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत त्याचा एक तुकडा मुंबई राज्याकडे आणि दुसरा म्हैसूर राज्याकडे गेला. राजा मुसलमान होता तेव्हा सण चालला, राज्य गेले तेव्हा चालला, सीमा मधून आखली गेली तेव्हाही दोन्ही बाजूंना चालला. भाषा, राजवट आणि पोथी यांपैकी कशाच्याही आधाराने तो उभा नाही. तो उभा आहे जमिनीच्या पोतावर, पिकाच्या वेळापत्रकावर आणि कुटुंबाच्या येण्याजाण्यावर. 'आवळीभोजनाचे दाखले ग्रंथांत आहेत, पण ग्रंथ काय करावे ते सांगतात. लोक तसे करत होते याला पुरावा काय?' असा रास्त प्रश्न कोणी विचारू शकेल. त्याचे उत्तर येळवस देते. पोथी नसतानाही लोक हेच करत असतील, तर पोथीने ही रीत घालून दिली असण्यापेक्षा चालू असलेली रीत पोथीने आपल्या पानांत ओढून घेतली असण्याचा संभव अधिक.

ही रीत एका मुलखात किंवा एका धर्मातही मावत नाही. गोव्यात आणि कारवार-मंगळूर किनाऱ्यावर सारस्वतांच्या देवस्थानांत कार्तिकात वनभोजन होते. देवाची पालखी बागेत किंवा झाडांखाली नेतात आणि महाजन कुटुंबांसह तिथे जेवतात. गोव्यात इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानाने ज्या अनेक चालीरीतींवर बंदी घातली, त्यांत घराशी तुळस लावण्याचाही समावेश होता. दारचे झाड आणि घरातली श्रद्धा किती एकजीव असतात हे त्या परक्या सत्तेनेही ओळखले होते, असेच म्हणावे लागेल. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंचा मलिदाही इथे आठवतो. पोहे, ओले खोबरे, साखर आणि सुकामेवा यांच्या ताटाभोवती फळे मांडून एलियाहू हान्नाबीच्या नावाने आशीर्वाद मागायचा आणि मग ते ताट सर्वांनी मिळून खायचे, असा हा विधी. ज्यू पंचांगात झाडांचे नववर्ष मानल्या जाणाऱ्या तू बिश्वातला तो विशेष महत्त्वाचा. अलिबागजवळच्या खंडाळा गावी, जिथे खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात, तिथे लोक त्यासाठी जातात. बायबलमधला संदेष्टा आणि कोकणातले पोहे-नारळ असा हा मेळ जुळतो, कारण जिथे राहायचे तिथल्या जमिनीचे फळ आपल्या माणसांसह देवापुढे ठेवून खाणे, हे या मुलखात कृतज्ञतेचे सर्वांना कळणारे रूप आहे.

आता आक्षेप. पहिला असा की यात सौंदर्य कुठे आहे? हा तर शेतकऱ्याचा व्यवहार झाला. पीक चांगले यावे म्हणून आंबील शिंपडायचे, आवळा औषधी म्हणून आवळीला पुजायचे. औषधी गुणाचा मुद्दा लगेच निकालात काढता येतो. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर असते म्हणून पूर्वजांनी आवळीभोजन लावून दिले, असे हल्ली दर कार्तिकात सांगितले जाते. क जीवनसत्त्वाची ओळख पटली १९३० च्या आसपास, आणि वैद्यकात आवळ्याचे माहात्म्य जुने असले तरी आवळा घरी बसूनही खाता येतो. त्यासाठी झाडाखाली पाट मांडायचे कारण नाही. पिकाचा मुद्दा अधिक वजनदार आहे. पण त्यामागे एक गृहीतक दडलेले आहे की जे उपयोगाचे ते सुंदर म्हणून पाहिले जात नसते. जोंधळ्याने डवरलेल्या शेताला जो माणूस लक्ष्मी म्हणतो, त्याच्या मनात धान्याची मापे आणि त्या हिरव्या रंगाचे सुख यांच्या दोन वेगळ्या कोठ्या नसतात. येळवशीचा दिवस पाहा. पीक अजून हाती आलेले नाही, तेव्हा हा कापणीनंतरचा उत्सव म्हणता येत नाही. त्या दिवशी कामही करायचे नसते. वर्षभर ज्या शेतात वाकून राबायचे, त्या शेतात मुलाबाळांना घेऊन ताठ बसायचे आणि ते नुसते पाहायचे, हा त्या दिवसाचा आशय आहे. उपयोगापासून एक दिवसाची सुटी घेतल्याशिवाय असे बसता येत नाही.

दुसरा आक्षेप तुकोबांच्या आधारे घेता येईल. भंडारा डोंगरावर एकान्तात रमणारे तुकोबा, झाडांना आणि वनचरांना सोयरे म्हणणारा त्यांचा सुप्रसिद्ध अभंग, हा एकट्याने सृष्टीत देव पाहण्याचा सर्वांत मोठा मराठी दाखला आहे. मग पंगतीचा सिद्धान्त टिकतो कसा? या अभंगाची मांडणी नीट पाहिली तर तो सिद्धान्ताला बळच देतो. गोतावळा सोडून रानात गेलेला हा माणूस झाडांना गुरू म्हणत नाही की देवाची प्रतिमाही म्हणत नाही. त्यांना तो नात्यात घेतो. पुढे त्याच अभंगात हरिकथेचे वर्णन येते तेही नाना पदार्थांनी मांडलेल्या भोजनासारखे. घर आणि पंगत यांपासून दूर गेलेल्या संताला रानातल्या सुखासाठी जी भाषा सुचली, ती घराची आणि पंगतीचीच होती. त्याचा एकान्त ज्या सवयीतून अर्थ घेतो, ती सवय समूहाची आहे.

तिसरा आक्षेप मात्र सहज परतवता येणारा नाही, आणि परतवूही नये. कोणाचे कुटुंब, कोणाची पंगत? आवळीभोजन बव्हंशी ब्राह्मण आणि तत्सम जातींच्या घरांतून चालत आले. त्या पंगतीत जातीबाहेरच्या माणसाला जागा नव्हती. अन्नसंसर्गाचे पाप धुणारे ते वचन मुळात अशा संसर्गाला पाप मानते, हे विसरून चालणार नाही. विठ्ठलाच्या काल्याची थोरवी गाणाऱ्या पंढरपुरात चोखामेळ्याला देवळाबाहेर राहावे लागले आणि हरिजनांसाठी ते देऊळ खुले व्हायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. येळवशीला शेत नसलेल्याला आवतण असते, पण बोलावणारा शेताचा मालक असतो आणि बोलावलेला बहुधा त्याच्या रानात राबणारा. बायकांचे म्हणाल, तर आदल्या दिवसापासून चुलीशी त्यांनाच बसावे लागते आणि टोपल्याही त्यांच्याच डोक्यावर असतात. एवढे मान्य केल्यावर एक गोष्ट उरते. माजघर, ओटी, सोपा अशा भिंतींनी घरात माणसांच्या ज्या जागा ठरवून टाकल्या होत्या, त्या झाडाखाली जशाच्या तशा मांडता येत नाहीत. ज्या काळात घरंदाज बाईला पाणवठा, देऊळ आणि माहेर यांपलीकडे बाहेर पडायला कारण नसे, त्या काळात रानात दिवस घालवण्याचा हक्क तिला धर्माच्या नावाने मिळत होता, आणि तो कोणी नाकारू शकत नव्हते. या प्रथा समतेच्या होत्या असा दावा मी करत नाही. विषमतेने बांधलेल्या वर्षात त्यांनी थोडी सैल जागा ठेवली होती, आणि ती जागा मिळण्यासाठी आभाळाखाली येणे आवश्यक होते, एवढेच म्हणतो.

मग पाहण्याची रीत आली कुठून? तिचा एक ठोस टप्पा दाखवता येतो. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरला थंड हवेचे ठाणे वसले. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला चढून गेले आणि १९०७ मध्ये तिथे नेरळहून छोटी गाडी पोचली. या ठिकाणांनी मराठी माणसाला 'पॉइंट' दिले: एल्फिन्स्टन पॉइंट, आर्थर सीट, लुइझा पॉइंट. पॉइंट म्हणजे कड्याच्या टोकाची जागा. तिथे उभे राहून दरी पाहायची आणि निघायचे. तिथे पूजा नसते, पिकाशी नाते नसते, बसायचे कारणही नसते. महाबळेश्वरात या दोन्ही रीती शेजारी शेजारी दिसतात. जुन्या क्षेत्रात कृष्णेच्या उगमाशी माणसे पाण्यात हात घालून तीर्थ घेतात, आणि तिथून काही मैलांवर त्याच डोंगराकडे कठड्याला टेकून पाहतात. पुढे इंग्रजी काव्याच्या परिचयातून आणि आपल्या प्रतिभेतून बालकवींसारख्या कवीने (१८९०–१९१८) सृष्टीशी एकट्याने बोलण्याची नवी, अपूर्व भाषा मराठीला दिली. हे लाभच आहेत आणि त्यांचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण शाळेच्या निबंधांतून आणि सहलींतून हीच रीत 'निसर्गप्रेम' म्हणून शिकवली गेली. आवळीखालची पंगत कर्मकांडात जमा झाली, येळवस खेडवळ ठरली.

त्याच काळात पंगतीखालची जमीनही सरकत होती. १८६५ च्या आणि नंतर १८७८ च्या वन कायद्याने डोंगर आणि राने सरकारी झाली. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जंगलखात्यावर जो संताप व्यक्त केला, त्यात चराईच्या जागा गेल्याचे दुःख आहेच, शिवाय रानातली फळे, फुले, पाने गोळा करून जगणाऱ्या गरिबांचा आधार तुटल्याची तक्रारही आहे. १९३० मध्ये बिळाशीला, चिरनेरला, पुसदला जंगल सत्याग्रह झाले ते याच जखमेतून. डोंगर लांबून पाहायला कोणाची परवानगी लागत नव्हती. त्यात शिरायला, बसायला, त्याचे फळ खायला मात्र लागू लागली. दुरून पाहण्याची रीत आणि आत जाण्याची बंदी या दोन गोष्टी एकाच शतकात आल्या, हा केवळ योगायोग मानणे मला कठीण वाटते. ज्या रानाशी खाण्यापिण्याचे नाते राहिले नाही, त्याच्याशी फक्त नजरेचे नाते उरते.

आज आवळीभोजन शहरांत मंडळांच्या आणि गृहसंस्थांच्या आवारांत होते. कुठे जेवण केटरर आणतो, कुठे आवळीची फांदी कुंडीत रोवून पूजा उरकली जाते. यावर नाक मुरडणे सोपे आहे. पण प्रथा बदलल्या म्हणून खोट्या होत नाहीत. जेवण कोणी शिजवले हा मुद्दा गौण आहे, उलट बायकांच्या पाठीवरचे ओझे त्याने हलकेच होते. जातीची कड सुटून आवारातली सगळी घरे एकत्र बसत असतील, तर ती पंगत जुन्या पंगतीपेक्षा चांगली. कुंडीतल्या फांदीने मात्र काम भागत नाही. या रीतीचे सारे सामर्थ्य दोनच गोष्टींत आहे: जिवंत, त्या ऋतूत फळणारे झाड किंवा पीक, आणि सगळ्या घराला एकाच वेळी मिळालेला मोकळा दिवस. या दोहोंपैकी एक नसेल तर सोहळा उरतो, अनुभव उरत नाही.

म्हणून या परंपरेचे जतन करायचे तर तिच्या पावित्र्यावर व्याख्याने देण्यापेक्षा साध्या गोष्टींकडे पाहावे. वाटण्या होऊन दोन-चार एकरांवर आलेल्या शेतात कोप घालायला कोपरा राहतो का, शहराच्या आराखड्यात जी मोकळी जागा राखून ठेवली जाते तिथे शोभेच्या परदेशी झाडांऐवजी आवळी, जांभूळ, बोर लावली जातात का, आणि लावल्यावर लोकांना त्यांच्याखाली बसू दिले जाते का, हे प्रश्न धर्माचे वाटत नाहीत. पण या प्रथेचे आयुष्य त्यांच्यावरच ठरणार आहे. लातूरच्या प्रशासनाने येळवशीला दिलेली सुटी या दृष्टीने शहाणपणाची आहे. एका अमावास्येला नोकरदार मुलगा, शाळकरी नातू आणि शेत कसणारा आजोबा एका बांधावर येऊ शकतात, कारण त्या दिवशी कचेरी आणि शाळा दोन्ही बंद असतात. सृष्टीत देव आहे हे त्या नातवाला कोणी समजावून सांगत नाही. त्याने आंबील शिंपडणाऱ्या आजोबाच्या मागे पिकातून चालायचे आणि मग त्याच्या शेजारी बसून जेवायचे, एवढीच या परंपरेची शिकवण आहे. ती पुढच्या पिढीला मिळावी असे वाटत असेल, तर तिच्यासाठी झाड, जमीन आणि दिवस राखून ठेवणे हे आपले काम आहे.